क्षयजंतूंचा शोधक : रॉबर्ट कॉख

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात दर सात मृत्यूंपैकी एक मृत्यू क्षयरोगाने होत असे. राजवाडा असो की मजुराची झोपडी, ह्या रोगाला कोणताच उंबरठा वर्ज्य नव्हता. आपल्याकडे त्याला राजयक्ष्मा म्हणत, आणि ते नाव ऐकताच घरच्या माणसांच्या तोंडचे पाणी पळत असे. रोगी दिवसेंदिवस खंगत जाई. खोकून खोकून त्याची छाती पिंजून निघे. आणि वैद्य उशाशी बसून धीर देण्यापलीकडे फारसे काही करू शकत नसत. हा रोग रक्तातूनच वारशाने येतो, असे कोणी म्हणे. तो दूषित हवेने होतो, असे दुसरा कोणी म्हणे. शत्रू कोण हेच ठाऊक नव्हते, मग लढावयाचे तरी कोणाशी? तो शत्रू ज्याने प्रथम सर्व जगाला डोळ्यांनी दाखविला, त्या रॉबर्ट कॉखचे हे चरित्र आहे. त्यात मोठा जय आहे, तशी मोठी चूकही आहे. आणि ती चूकच पुढे मनुष्यजातीच्या कशी उपयोगी पडली, ही कथा तर त्याच्या मृत्यूनंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ चालू राहिली आहे.

जर्मनीतील हार्ट्झ पर्वताच्या कुशीत क्लाउस्टाल नावाचे खाणींचे गाव आहे. तेथे ११ डिसेंबर १८४३ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. त्याचे वडील खाणीच्या कामावर अधिकारी होते. घरात तेरा भावंडे, त्यांत हा तिसरा. एवढ्या मोठ्या कुटुंबात प्रत्येक मुलाच्या शिक्षणाकडे कोण लक्ष देणार? पण रॉबर्टला कोणी लक्ष देण्याची गरजच पडली नाही. वयाच्या पाचव्या वर्षी त्याने वर्तमानपत्रे समोर घेऊन आपले आपणच वाचन शिकून घेतले आणि आईवडिलांना थक्क केले. डोंगरात हिंडून दगड, शेवाळ, किडे गोळा करावेत आणि ते वेगवेगळे लावून ठेवावेत, हा त्याचा आवडता छंद होता. दोन शेवाळे सारखी दिसली तरी ती खरोखर एकच आहेत का, हे तो बारकाईने पाही. बालपणीची ही सवय त्याच्या साऱ्या आयुष्याची शिदोरी ठरली.

१८६२ साली तो गटिंगेन येथील विद्यापीठात दाखल झाला. तेथे याकोब हेन्ले नावाचे शरीरशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. साथीचे रोग हवेच्या किंवा ग्रहांच्या कोपाने होत नसून कोणत्या तरी सूक्ष्म सजीवांमुळे होत असले पाहिजेत, असे मत त्यांनी १८४० सालीच मांडले होते. परंतु ते सिद्ध करण्याचे साधन त्या काळी कोणापाशी नव्हते. गुरूच्या मनातील हा विचार शिष्याच्या मनात बीजासारखा पडून राहिला. १८६६ साली कॉख डॉक्टर झाला. दूरदूरचे प्रदेश पाहावेत, जगभर प्रवास करावा, अशी त्याची फार इच्छा होती. पण लग्न झाले, संसार मागे लागला, आणि लहान लहान गावांतून दवाखाना चालविण्यात काही वर्षे गेली. १८७० मध्ये जर्मनी आणि फ्रान्स ह्यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा त्याने आपण होऊन सैन्यात जखमींची शुश्रूषा केली. पुढे १८७२ साली वोलश्टाइन ह्या आडबाजूच्या गावी त्याला तालुक्याच्या सरकारी डॉक्टरची जागा मिळाली. हे गाव आज पोलंड देशात आहे.

ह्या गावात ना विद्यापीठ होते, ना ग्रंथालय, ना प्रयोगशाळा. दिवसभर रोगी तपासावेत, देवीची लस टोचावी, घोड्याच्या गाडीतून आसपासच्या खेड्यांत फेऱ्या माराव्यात, असा त्याचा नित्यक्रम असे. त्याच्या पत्नीने एका वाढदिवशी त्याला सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिले. कॉखने रोगी तपासण्याच्या खोलीत मध्ये पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे दवाखाना आणि पलीकडे प्रयोगशाळा! रोग्यांची गर्दी ओसरली की तो पडद्यापलीकडे जाई आणि रात्र केव्हा सरली, ह्याचे त्याला भान राहत नसे.

त्या भागात मेंढ्या व गुरे ह्यांना एक भयंकर रोग होत असे. सकाळी चरावयास गेलेले धडधाकट जनावर संध्याकाळी मरून पडे, आणि त्याचे रक्त काळेकुट्ट होई. आपल्याकडील शेतकरी जनावरांच्या ह्या रोगाला फाशी म्हणतात. माणसास तो झाला म्हणजे त्यास काळपुळी म्हणतात. अशा मेलेल्या जनावरांच्या रक्तात काठीसारखे बारीक जंतू दिसतात, हे काही शास्त्रज्ञांनी कॉखच्या पूर्वीच पाहिले होते. परंतु ते जंतू रोगाचे कारण आहेत की रोगाचा परिणाम, हे कोणालाच सांगता येत नव्हते. घरात चोरी झाली त्या वेळी एक मनुष्य तेथे होता, एवढ्यावरून तो चोर ठरत नाही, पुरावा हवा.

हा पुरावा कॉखने मोठ्या धिमेपणाने जमविला. टोचण्याची सुई त्याच्यापाशी नव्हती, म्हणून त्याने लाकडाची बारीक सळई तासली, ती तापवून निर्जंतुक केली, आणि तिच्या टोकाने रोगी जनावराचे रक्त उंदराच्या शरीरात घातले. उंदीर मेला, त्याच्या प्लीहेत तेच काठीसारखे जंतू सापडले. त्या उंदराकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला असे करीत त्याने पाहिले, तो प्रत्येक वेळी तोच रोग आणि तेच जंतू. मग बैलाच्या डोळ्यातील स्वच्छ पाण्याच्या थेंबात त्याने हे जंतू शरीराबाहेर वाढविले. ते लांबत जाऊन त्यांचे धागे बनतात आणि त्या धाग्यांत मण्यांसारखे टणक बीजाणू तयार होतात, हे त्याने तासन्‌तास यंत्राला डोळा लावून पाहिले. हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणूनच काही कुरणे जनावरांना कायमची घातक ठरत, हे कोडेही त्यामुळे उलगडले. १८७६ साली कॉख आपले उंदीर, आपल्या काचा व आपली यंत्रे घेऊन ब्रेस्लाउ येथील प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्डिनांट कोन ह्यांच्याकडे गेला आणि सर्व प्रयोग त्याने त्यांच्यासमोर करून दाखविले. एका खेड्यातील अपरिचित डॉक्टरने एका रोगाचा एक जंतू प्रथमच निर्विवादपणे सिद्ध केला होता. १८८० साली सरकारने त्याला बर्लिनच्या आरोग्य खात्यात बोलावून घेतले.

बर्लिनमध्ये त्याला हवी ती साधने व उत्तम साहाय्यक मिळाले. पण एक मोठी अडचण त्याच्यासमोर उभी होती. रोग्याच्या शरीरातून घेतलेल्या एका थेंबात निरनिराळ्या जातींचे जंतू एकत्र असतात. पेवात दोन जातींची ज्वारी मिसळली असता दाणा दाणा निवडता तरी येतो. परंतु जे डोळ्यांस दिसतच नाहीत, त्यांची निवड कशी करावी? एके दिवशी उकडलेल्या बटाट्याच्या कापलेल्या फोडीवर त्याला रंगीबेरंगी ठिपके दिसले. तपासून पाहता प्रत्येक ठिपक्यात केवळ एकाच जातीचे जंतू आढळले. पातळ रसात जंतू मिसळून जातात. घट्ट पृष्ठभागावर मात्र ज्याचा तो आपल्या जागी वाढतो, हे रहस्य त्याच्या ध्यानात आले. मग बटाट्याऐवजी जिलेटिनने घट्ट केलेला रस त्याने वापरला. उन्हाळ्यात जिलेटिन वितळून जाई. तेव्हा त्याचा सहकारी हेसे ह्याच्या पत्नीने समुद्रातील वनस्पतींपासून मिळणारा अगर नावाचा पदार्थ सुचविला. ती तो स्वयंपाकघरात वापरीत असे. आज जगातील प्रत्येक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत अगर असतो, आणि तो असतो त्या काचेच्या उथळ तबकडीला कॉखचाच साहाय्यक पेट्री ह्याचे नाव मिळाले आहे.

आता कॉखने क्षयरोगाकडे मोर्चा वळविला. हा शत्रू मोठा धूर्त होता. क्षयजंतूंच्या अंगावर मेणचट आवरण असते. त्यामुळे नेहमीचे रंग त्यांच्यावर चढत नाहीत, आणि रंग चढल्यावाचून ते दिसत नाहीत. कॉखने एकामागून एक रंग वापरून पाहिले. शेवटी निळ्या रंगात अल्क मिसळून ते मिश्रण त्याने दीर्घकाळ लावले, त्यावर तपकिरी रंग दिला, आणि सर्व पेशी तपकिरी दिसत असताना त्यांत बारीक, किंचित वाकलेल्या निळ्या काड्या उमटल्या! पण दिसले म्हणजे सिद्ध झाले, असे मानणाऱ्यांपैकी तो नव्हता. हे जंतू शरीराबाहेर वाढविण्यासाठी त्याने जनावराच्या रक्तातील पिवळसर द्रव तापवून घट्ट केला आणि तो शरीराइतक्याच उष्णतेत ठेवला. इतर जंतू एका दिवसात वाढतात. हे मात्र दहा दिवस लोटले तरी दिसेनात. दुसरा कोणी असता तर त्याने तो द्रव फेकून दिला असता. कॉख थांबला. दुसरा आठवडा संपत आला तेव्हा द्रवावर कोरड्या खवल्यांसारखे ठिपके दिसू लागले. ते जंतू गिनीपिगांना टोचताच त्यांस क्षय झाला.

२४ मार्च १८८२ रोजी संध्याकाळी बर्लिनमधील एका लहानशा सभागृहात कॉखने आपला शोध शास्त्रज्ञांपुढे मांडला. तो वक्ता नव्हता. थांबत थांबत, शांतपणे त्याने एकेक पुरावा पुढे ठेवला. टेबलावर सूक्ष्मदर्शक यंत्रे आणि शेकडो काचा मांडलेल्या होत्या. भाषण संपले तेव्हा कोणी टाळी वाजविली नाही, कोणी शंकाही विचारली नाही. सारे एकेक करून उठले आणि यंत्राला डोळा लावून आपल्या युगाचा तो वैरी पाहू लागले. काही आठवड्यांतच ही वार्ता जगभर पसरली. आजही २४ मार्च हा दिवस सर्व देशांत जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

ह्या सर्व प्रयोगांतून जे नियम निघाले, ते कॉखच्या नावाने प्रसिद्ध आहेत. एखादा जंतू एखाद्या रोगाचे कारण आहे असे म्हणावयाचे असेल, तर तो त्या रोगाच्या प्रत्येक रोग्यात आढळला पाहिजे. तो शरीराबाहेर निर्भेळ स्वरूपात वाढविता आला पाहिजे. तो निरोगी प्राण्यास टोचला असता तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या प्राण्याच्या शरीरातून पुन्हा तोच जंतू मिळाला पाहिजे. न्यायाधीशाने साक्षीपुरावा पारखावा तशी ही पारख आहे.

पुढच्याच वर्षी इजिप्तमध्ये पटकीची साथ उद्भवली. जर्मनीने कॉखला आणि फ्रान्सने पाश्चरच्या शिष्यांना तेथे पाठविले. दोन्ही देशांत हाडवैर होते आणि दोन्ही पथकांत चुरस होती. परंतु फ्रेंच पथकातील तरुण संशोधक लुई त्युइये हा सत्ताविसाव्या वर्षीच पटकीने मरण पावला, तेव्हा कॉखने सारे वैर बाजूस ठेवून त्याच्या शवपेटीला खांदा दिला. इजिप्तमधील साथ ओसरल्यावर तो १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यास आला. तेथील रोग्यांच्या आतड्यांत आणि एका तळ्याच्या पाण्यात त्याला स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू सापडले. त्या तळ्याकाठची माणसे तेच पाणी पीत, त्यातच कपडे धूत आणि त्याच वस्तीत पटकीने माणसे दगावत होती. पटकी पाण्यातून पसरते, हे त्याने दाखवून दिले. हे जंतू टोचून प्राण्यांना पटकी होत नाही, म्हणजे आपलाच एक नियम येथे पुरा होत नाही, हेही त्याने लपविले नाही.

येथवर कॉखच्या आयुष्याचा मार्ग चढता होता. ह्यापुढे मात्र त्याची खरी परीक्षा झाली. क्षयाचा जंतू सापडला. आता त्यावर औषध सापडावे, म्हणून सारे जग त्याच्या तोंडाकडे पाहत होते. ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनला वैद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. क्षयजंतूंची वाढ रोखणारे एक द्रव्य आपल्याला मिळाले आहे, असे कॉखने तेथे जाहीर केले. हे काम अजून अपुरे होते. सरकारच्या आग्रहामुळे त्याने घाई केली, असेही सांगतात. नोव्हेंबरमध्ये त्याने आपले औषध पुढे आणले. परंतु ते कसे तयार केले, हे मात्र गुप्त ठेवले. पुढे त्यालाच ट्युबरक्युलिन हे नाव मिळाले. त्याने ते स्वतःच्या दंडातही टोचून घेतले होते. त्यामुळे त्याला थंडी भरून आली आणि सडकून ताप चढला. वार्ता पसरताच देशोदेशींचे क्षयरोगी बर्लिनकडे धावू लागले. आगगाड्या आजाऱ्यांनी भरून आल्या, खानावळींची रुग्णालये झाली. ज्यांना चालवत नव्हते, तेही आशेच्या बळावर आले.

ती आशा खोटी ठरली. काही रोग्यांना थोडे बरे वाटले. अनेकांना काडीचाही गुण आला नाही. आणि काहींचा रोग उलट भडकला. ख्यातनाम रोगशास्त्रज्ञ फिर्खो ह्यांनी ट्युबरक्युलिन दिलेल्या मृत रोग्यांची शरीरे तपासली, तेव्हा रोग बरा होण्याऐवजी नव्या जागी पसरल्याचे त्यांना दिसले. जानेवारी १८९१ मध्ये कॉखला औषधाचे स्वरूप उघड करावे लागले. ज्याने प्रत्येक पुराव्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली होती, त्याने ह्या एका वेळी वाट पाहिली नाही. त्याची फळे त्याच्याबरोबर हजारो दुर्दैवी रोग्यांनाही भोगावी लागली. जे लोक काल जयजयकार करीत होते, तेच आज त्याची निंदा करू लागले.

मग हे ट्युबरक्युलिन होते तरी काय? क्षयजंतू ग्लिसरीन घातलेल्या रसात काही आठवडे वाढवावयाचे, तो रस तापवून दहावा हिस्सा उरेपर्यंत आटवावयाचा आणि गाळून घ्यावयाचा, म्हणजे ट्युबरक्युलिन तयार होई. त्यात जिवंत जंतू नसत. परंतु जंतू वाढत असताना आपल्या भोवतालच्या रसात अनेक प्रकारची प्रथिने सोडतात, काही त्यांच्या शरीरातून फुटून बाहेर पडतात; ती सारी त्या रसात उतरलेली असत. ज्याच्या शरीरात क्षयजंतूंनी पूर्वी कधी प्रवेश केला असेल, त्याच्या रक्तातील रक्षक पेशी ही प्रथिने ओळखून असतात. ती पुन्हा टोचली जाताच त्या पेशी धावून येतात, कातडी लाल होऊन टणक फुगते. ज्याची क्षयजंतूंशी गाठ पडलेली नाही, त्याला काहीच होत नाही. म्हणजे हे द्रव्य औषध म्हणून निरुपयोगी होते. पण रोगाचा माग काढण्याचे ते उत्तम साधन होते. ही गोष्ट खुद्द कॉखनेही प्रारंभीच सांगितली होती. औषधाच्या गाजावाजात ती मागे पडली, इतकेच. थोड्याच वर्षांत गुरांतील क्षय ओळखण्यासाठी पशुवैद्य ट्युबरक्युलिन वापरू लागले. १९०७ साली व्हिएन्नाच्या पिर्केट ह्याने मुलांच्या कातडीवर ओरखडा काढून त्यावर ते लावण्याची आणि १९०८ साली फ्रान्सच्या मांतू ह्याने कातडीत टोचण्याची रीत काढली. कॉखच्या डोळ्यांदेखत त्याच्या अपयशाला असे फळ आले.

अपकीर्तीने खचून जाऊन घरात बसणे कॉखच्या स्वभावात नव्हते. तरुणपणी राहून गेलेला जगप्रवास आता त्याला घडला, पण तो मौजेचा नव्हता. १८९६ साली तो दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडी रोगाचा अभ्यास करण्यास गेला. तेथून १८९७ साली तो मुंबईस आला. आदल्या वर्षी मुंबईत प्लेगने थैमान घातले होते, आणि त्याच्या अभ्यासासाठी आलेल्या जर्मन पथकाचे काम त्याने पुढे चालविले. त्यानंतर मलेरिया आणि निद्रारोग ह्यांचा शोध घेत तो आफ्रिकेत व न्यूगिनीत हिंडला.

१९०१ साली लंडनच्या परिषदेत त्याने आणखी एक मत मांडले. माणसाचा क्षयजंतू आणि गुरांचा क्षयजंतू हे एक नव्हेत, असे तो म्हणाला. सारख्या दिसणाऱ्या दोन जंतूंतील हा भेद त्याने अचूक ओळखला होता. परंतु तेवढ्यावर न थांबता, गुरांचा क्षय माणसास क्वचितच बाधतो, त्यासाठी दुधाबाबत काळजी घेण्याचे कारण नाही, असा निष्कर्षही त्याने काढला. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने दहा वर्षे प्रयोग करून हा निष्कर्ष चुकीचा ठरविला. रोगी गायीच्या दुधातून मुलांना क्षय होत होता. भेद ओळखणे हे जसे शास्त्र आहे, तसेच भेदामागचे साम्य न विसरणे हेही शास्त्र आहे. आणि येथे कॉख साम्य विसरला.

तथापि त्याच्या कार्याची थोरवी ह्या चुकांनी झाकली गेली नाही. १९०५ साली क्षयरोगावरील संशोधनासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयविकाराने त्याचा अंत झाला. त्याच्या अस्थी बर्लिनमधील त्याच्याच संस्थेत जतन केल्या आहेत, आणि त्या संस्थेला आता त्याचे नाव आहे.

कॉख गेला, पण त्याने हाती घेतलेले काम पुढच्या पिढ्यांनी चालविले. त्याच्या ट्युबरक्युलिनमध्ये शेकडो पदार्थांची खिचडी होती. फ्लॉरेन्स सीबर्ट ह्या अमेरिकन विदुषीने वर्षानुवर्षे खपून १९३४ च्या सुमारास त्यातील प्रथिनांचा अंश वेगळा व शुद्ध केला, आणि तोच पुढे जगभर कातडीच्या चाचणीसाठी वापरला जाऊ लागला. तरीही एक अडचण राहिलीच. क्षयजंतूंचे कुटुंब मोठे आहे. गुरांच्या क्षयाचा जंतू त्यात येतो, १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू येतो, आणि माती व पाणी ह्यांत राहणारे अनेक निरुपद्रवी जंतूही येतात. ह्या सर्वांची कितीतरी प्रथिने सारखीच असतात. एखाद्या घराण्यातील सर्वांचेच नाक सरळ असेल, तर केवळ नाकावरून गुन्हेगार कसा ओळखावा? मातीतील निरुपद्रवी जंतूंशी संबंध आलेल्या माणसाची कातडीसुद्धा ह्या चाचणीत कधी कधी फुगत असे.

क्षयप्रतिबंधक लसीमुळे हा घोटाळा आणखी वाढला. काल्मेत व गेरँ ह्या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षे गुरांचा क्षयजंतू बटाट्याच्या फोडींवर २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढविला, तेव्हा तो जिवंत राहूनही सौम्य झाला. तीच बी. सी. जी. ची लस होय. १९२१ साली ती प्रथम बालकास देण्यात आली, आणि आज आपल्या देशात जन्मलेल्या बाळाला ती टोचली जाते. पण लस घेतलेल्याच्या शरीरातही त्याच कुटुंबातील जंतू गेलेला असल्याने जुनी चाचणी फसू शकते. लस घेतलेला कोण आणि खरा क्षयजंतू शिरलेला कोण, हे तिला नेमके सांगता येत नाही.

ह्या कोड्याचे उत्तर शेवटी कॉखच्याच मार्गाने मिळाले. शास्त्रज्ञांनी क्षयजंतू रसात सोडतो ती प्रथिने आणि त्याचे भाऊबंद सोडतात ती प्रथिने एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहिली. माणसाचा व गुरांचा क्षयजंतू आनुवंशिक रचनेत शंभरांत नव्याण्णवांहून अधिक सारखे आहेत. परंतु लसीच्या सौम्य जंतूने मात्र वाढविता वाढविता आपल्या आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा गमावला आहे, असे १९९६ साली दिसून आले. त्या तुकड्यावर अवलंबून असलेली ईसॅट-६ व सीएफपी-१० ही दोन लहान प्रथिने खरा क्षयजंतू बाहेर सोडतो. लसीचा जंतू ती सोडत नाही, आणि मातीतील बहुतेक निरुपद्रवी जंतूंपाशीही ती नसतात. घराण्यात एकाच माणसाच्या गालावर तीळ असावा, तशी ही खूण मिळाली. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी ह्या दोन प्रथिनांवर आधारलेली कातडीची नवी चाचणी तयार केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती बनू लागली, आणि २०२२ साली तिला भारतात मान्यता मिळाली. कोणाच्या शरीरात क्षयजंतू शिरला आहे, एवढेच ती सांगते. रोग जडला आहे की नाही, हे थुंकी व छाती तपासूनच ठरवावे लागते.

हे काम परदेशात किंवा मोठ्या शहरांतच चालते, असे मात्र नाही. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावच्या कापसाच्या मुलखातून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तेथे सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. क्षयजंतूने सोडलेली प्रथिने रोग्याच्या रक्तात ओळखून निदान करता येईल का, ह्याचे संशोधन त्या संस्थेच्या केंद्रात अनेक वर्षे झाले आहे. आपल्याला हा विषय जवळचा वाटावा, असेच आपल्या देशातील आकडे आहेत. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. १९४४ पासून एकामागून एक गुणकारी औषधे निघाल्यामुळे क्षय आता बरा होतो; परंतु तो वेळेवर ओळखला गेला आणि औषध अर्धवट न सोडता पुरे घेतले तरच.

कॉखने क्षयावर औषध शोधले नाही. त्याने शत्रू ओळखण्याची रीत दिली. एकाला दुसऱ्यापासून वेगळे करावे, प्रत्येकाची पारख करावी आणि पुरावा पुरा होईपर्यंत निकाल देऊ नये, ही ती रीत होय. तो तिला धरून राहिला तेव्हा जगाला प्रकाश मिळाला. त्याने ती सोडली तेव्हा तो स्वतःच ठेचाळला, आणि त्याच्या मागोमाग विश्वासाने आलेले रोगीही ठेचाळले. पण ज्या रसाने त्याची मान खाली गेली, त्याच रसातील प्रथिने पुढच्या संशोधकांनी त्याच्याच रीतीने निवडली, आणि आज एखाद्या खेड्यातील मुलाच्या हातावर टोचलेला एक थेंब त्याच्या शरीरात शिरलेल्या शत्रूची वार्ता वेळेवर सांगू शकतो. वोलश्टाइनच्या त्या पडद्यामागे रात्री जागविणाऱ्या डॉक्टरचे ऋण जगावर आहे ते असे.